यात एक शिंगळा आहे

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सापडला! शेवटी सापडला!

आणि कसा — तर त्याच्या पुढ्यात बसून मी आधी डबा खाल्ला. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. सगळं संपलं, हात धुतले, मान वर केली, आणि मोहाच्या खोडावरचा एक ढलपा माझ्याकडे बघत होता. डोळे उघडे नव्हते. नुसत्या दोन फटी. पण त्या फटी माझ्यावरच होत्या. म्हणजे माझं पूर्ण जेवण त्यानं पाहिलं!

केळापूरच्या पुढे, तांड्यामागच्या शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं, मोहाचं झाड. जागा इथं एवढीच लिहितो. कोणाला सांगणार नाही. बायकोला, कौसल्यालाही नाही — तिच्या पोटात राहील, तिच्या बहिणीच्या राहणार नाही.

शिंगळा. पिंगळ्याएवढंच मूठभर घुबड. पण पिंगळ्याला लाज नाही, तो विजेच्या तारेवर बसून भरदिवसा भांडतो, कोणालाही दिसतो. शिंगळा दिवसा लाकूड होतो. अंग चोरतो, कानाजवळची पिसांची दोन शिंगं उभी करतो, की सालीची फाटलेली कड आणि तो यात फरक राहत नाही. किती हिवाळे शोधत होतो!

१२ फेब्रुवारी

काल गेलतो, आजही गेलो. ऊन कडक असलं की चोच चमकते, चोरी पकडल्या जाते. ढग आला की साल, पिसं, सावली सगळं एका रंगाचं. मला ढगाचाच फोटो पाहिजे होता. आज मिळाला. असा मिळाला की स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरवर उघडला तर मलाच दोनदा शोधावा लागला. डावीकडे, ढोलीच्या काठाला लागून.

माझा नियम इथं एकदा लिहून ठेवतो, म्हणजे मीच मोडायला गेलो तर मला दाखवता येईल. वाटेनं जाणाऱ्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच फोटोत. पूर्ण खोड, डावीकडची ढोली, उजवीकडचा कुऱ्हाडीचा जुना घाव, सगळं. पक्षी ओढून जवळ आणायचा नाही. कड कापायची नाही. लाल गोल, बाण — बिलकुल नाही! त्यानं एवढ्या मेहनतीनं स्वतःला लपवलं आणि आपण त्याच्याभोवती गोल काढायचा? ही फोटोग्राफी नाही, चहाडी आहे.

मला कोणी शिकवलं नाही. पहिला कॅमेरा मी स्वतः खोलला आणि परत जोडला. एक स्क्रू उरला. कॅमेरा त्या स्क्रूशिवाय कित्येक वर्षं चालला. मीही तसाच चाललो.

२१ फेब्रुवारी

यवतमाळच्या रानपाखरू मंडळाला फोटो पाठवला. एप्रिलअखेर त्यांचं प्रदर्शन आहे. लग्नाच्या अल्बमवर माझं नाव पुष्कळ छापलं गेलं. रानातल्या फोटोखाली अजून एकदाही नाही.

२५ फेब्रुवारी

नापास!

"आपल्या छायाचित्रात पक्षी आढळत नाही. कृपया तपासून पुन्हा पाठवावे." आढळत नाही! तोच तर फोटो आहे, अकलवंतांनो!

मागून शादाबचा फोन. मंडळाचा सेक्रेटरी, इथलाच पांढरकवड्याचा, तिशीतला, हातभर लेन्सवाला. माणूस वाईट नाही. घाई वाईट आहे.

"रोशनकाका, एक लाल गोल मारून द्या ना. दोन मिनिटाचं काम."

"गोल कायले? ते काय जत्रेत हरवलेलं पोट्टं हाये?"

"मंग क्लोज-अप द्या. नाही त लोकेशन द्या, मीच काढून आणतो."

"आणशील ना. स्पीकरवर आवाज वाजवशील, त्याले झोपेतून उठवशील, मागं तुहे पन्नास दोस्त."

"मंग लोकं म्हणतीन ना काका, घुबड नव्हतंच."

म्हणू दे!

२६ फेब्रुवारी

म्हणाले. मंडळाच्या ग्रुपवर माझाच फोटो, त्यावर कोणीतरी जागोजागी लाल गोल मारलेले. एक आकाशात, एक बुंध्याशी, एक माझ्या सहीवर. खाली लिहिलं — 'रोशनकाकांचं घुबड ओळखा.' मग दात काढणाऱ्या तोंडांची रांग. पन्नाशीला आलेला माणूस लाकडाला पक्षी म्हणतो.

ग्रुप सोडला. कारण लिहिलं नाही. तेही त्यांना गोल करून दाखवावं लागलं असतं.

१ मार्च

आज स्टुडिओच्या काचेतली नवरी काढली. शालू, नथ, मेंदीचे हात, सगळी खाली. तिच्या जागी माझा मोह, नवरीच्या फोटोपेक्षा मोठा, दारापासून खांबापर्यंत. खाली पाटी रंगवली, माझ्या हातानं:

यात एक शिंगळा आहे. सापडला तर बोट ठेवू नये.

कौसल्या दुपारचा डबा घेऊन आली ती फुटपाथवरच थबकली.

"हे काय लावलं जी?"

"फोटो."

"लग्नाचा सीझन हाये! नवरी पाहून गिऱ्हाईक येते. झाड पाहून कोन येईन, लाकूडवाला?"

"येऊ दे लाकूडवाला. त्याचाही फोटो काढू."

डबा ठेवून गेली. भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम.

५ मार्च

पांढरकवड्यात आता हाच धंदा. बसस्टँडवर उतरलेला माणूस आधी माझ्या काचेपुढे उभा राहतो, मग घरी जातो. कापसाच्या गाडीवरचे हमाल, कॉलेजच्या पोरी, कोर्टातले वकील. एकाला माकड दिसलं! एकानं सांगितलं, गणपती आहे. त्याला म्हटलं, मग हात जोड आणि पुढं चाल.

शेजारचे हबीबभाई, घड्याळवाले. तासभर काचेला नाक लावून होते, मग डोळ्याला घड्याळाचं भिंग अडकवून आले.

"मिल गया, रोशनभाऊ!"

"कुठं?"

"ये क्या, गोल-गोल."

"ती गाठ आहे हबीबभाई, लाकडाची."

"गाठ भी ऐसी रहती क्या?" — आणि रागानं जाऊन गिऱ्हाइकाच्या घड्याळात उलटा सेल घातला.

९ मार्च

मोठं संकट.

मोहाचं पान गळून राह्यलं. झाडाखाली पानांचा हा थर! आणि आता फुलं पडणार. फुलं वेचायला जमीन साफ लागते, म्हणून सगळ्या शिवारात मोहाखालचा पाला पेटवून देतात. हे मला माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं! आज गेलो तर एक म्हातारी पाल्याचे ढीग करून उभी, हातात आगपेटी. तांड्यावरची मानीबाई. झाड तिचं.

वर ढोलीत अंडी असतील. पिल्लंही असतील. बुंध्याशी धूर झाला की संपलं.

खरं सांगता येईना. घुबड आहे म्हटलं असतं तर तिनं आधी त्याच ढोलीत धूर दिला असता. अपशकुनी म्हणून. या लोकांना मी ओळखत नाही का? तांड्यावर आईला याडी म्हणतात, तशी हाक मारून डोक्यात आलं ते बोललो.

"याडी, आग नको लावू. मले या झाडाचे फोटो काढाचे आहे. जमीन काळी झाली का फोटो बिघडते."

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अन् फुलं कशी येचू? मातीतून?"

"पाला साफ पाहिजे ना तुले?"

"पाहिजे ना."

"मंग मी झाडून देतो."

"तू?"

"मी."

"रोज?" — आणि आगपेटी कमरेला खोचली. "झाड मंग, बापू. मी कायले नाही म्हनू."

१० मार्च

खराटा घेतला. स्टुडिओ बंद करून दिवस मावळायच्या आत झाडाखाली. फुलं पहाटे पडतात, म्हणून जमीन संध्याकाळीच साफ पाहिजे. मानीबाईचा हुकूम! धुऱ्यापासून नाल्यापर्यंत झाडलं. शिंगळ्याच्या बाजूला पांढऱ्या विष्ठेचे थेंब होते, उंदराची बारीक हाडं होती. ती आधी मातीखाली दाबली, की म्हातारीला कळू नये.

कंबर मोडली. वर तो लाकूड होऊन बसलेला. एकदाही खाली पाहिलं नाही. चालेल.

१७ मार्च

कौसल्याला खराट्याचा पत्ता लागला. मोटरसायकलला बांधलेला.

"घरी कधी झाडू हातात नाही घेतला. रानात जाऊन झाडते!"

खराट्याची दोरी आणखी घट्ट आवळली. बोललो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं.

२० मार्च

गुप्तधन! मी मोहाखाली गुप्तधन शोधतो — तांड्यावर हे पसरलं आहे. आज पोलीस पाटील भावसिंग वाटेतच उभे.

"फोटोवाले, मोहाखाली काय भेटते?"

"पानं."

"पानं त आमालेही भेटते. खरं सांगा, तांब्याचं भांडं हाये का?"

"पाटील, तुम्ही या, अर्ध्यात तुम्ही झाडा. जे भेटलं ते सगळं तुमचं."

आले! अर्धा तास खराटा मारला, घामाघूम झाले, काही भेटलं नाही. जाताना म्हणाले, "तुमच्या डोक्यात फरक हाये." पाटलांना बक्षीस म्हणून फोटो काढून दिला.

२८ मार्च

हबीबभाईंना सापडला! भिंगानं नाही. सहज चहाचा कप घेऊन उभे होते, कप ओठाशी तसाच राहिला. मी ओळखलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं — मी पाटीकडे हात केला. बोट ठेवू नये! त्यांनी तोंड मिटलं. तेव्हापासून दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले आहेत आणि शोधणाऱ्यांना सांगतात, "है भाई, है. नजर लगती." जसं काही ते अंडं त्यांनीच उबवलं.

म्हणजे शहरात एक साक्षीदार झाला. मंडळाला सांगायचं का? नाही. मी माझ्या फोटोला साक्षीदार देत नाही.

४ एप्रिल

शादाब स्वतः आला. काचेपुढे बराच वेळ होता. आत येऊन म्हणाला, "काका, दिसला."

खोटं नव्हतं बोलत. आवाज बदलला होता.

"जबरदस्त फोटो हाये. मी मंडळात बोलतो. प्रदर्शनात दारातच लावू, मोठ्ठा. तुमचं नाव. ग्रुपवर माफी मागायला लावतो एकेकाले. फक्त लोकेशन द्या. नोंद कराची त जागा लागते ना."

माझं नाव, दारात, मोठ्ठं. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला लिहू? पण त्या नोंदीमागून गाड्या येतील, स्पीकर येतील, लेन्सा येतील. अन् वर पिल्लं.

"जागा नाही."

"मंग प्रदर्शनात नाही होणार काका. माह्या हातात नाही."

"नाही त नाही!"

"शोधून काढीन मी," तो हसत म्हणाला. "झाड काय पळून जाते?"

११ एप्रिल, शुक्रवार

नीट लिहितो.

शादाब आला होता, एका लग्नाचं काम वाटून घ्यायला. कॅमेऱ्याची बॅग मांडीवर, चहा पीत. दारात मानीबाई! आजपर्यंत स्टुडिओत कधी आली नव्हती. निराधारच्या कागदाला फोटो पाहिजे म्हणून आली. पायरीवर पाय ठेवला आणि काचेकडे पाहिलं.

"आवं बापू! हा त माहा मोह!"

एवढे दिवस मी निर्धास्त होतो. सगळे घुबड शोधतील. झाडाकडे कोणी पाहील हे माझ्या डोक्यात आलंच नाही! पूर्ण खोड मीच ठेवलं. घाव मीच ठेवला. कड कापायची नाही हा नियम कोणाचा? माझा! ज्या नियमाची टिमकी वाजवली त्यानंच झाड दाखवून दिलं.

शादाबनं चहा खाली ठेवला. "कोनता मोह, याडी?"

मानीबाईचं बोट काचेवर गेलं होतं. ढोलीवर नाही, शिंगळ्यावर नाही. उजवीकडे, घावाच्या जरा वर, नुसत्या सालीवर. तिथं थांबलं. तिनं पाटीकडे पाहिलं. वाचता येतं की नाही माहीत नाही. मग शादाबकडे. मग त्या बॅगेकडे. मग माझ्याकडे, आणि माझं तोंड कसं झालं होतं ते मला माहीत नाही, पण तिनं बोट मागं घेतलं.

"नाही ना बाप्पा. फसली मी. माह्या मोहाले असा घाव नाही. हा दुसऱ्याच कोनाचा."

"तुमचं गाव कोनतं, याडी?"

"माहं?" — पदर सारखा केला. "लय दूर. उमरखेडकडं."

उमरखेड! अख्खा जिल्हा ओलांडून म्हातारी पासपोर्ट फोटोला इथं आली! शादाब हसला, पण पुढं काय विचारणार? मी तिला स्टुलावर बसवलं, लाइट लावला. एवढी ताठ बसली की पापणी हलेना. मी म्हटलं, "याडी, श्वास घे." ती म्हणाली, "तू घे आधी."

शादाब गेल्यावर बोलायच्या आत तीही गेली.

१३ एप्रिल, रविवार

काल लग्नात अडकलो. आज सकाळीच गेलो. झाडाखाली पाला नव्हता. माझ्याआधी कोणीतरी झाडलेलं. राख कुठंच नाही. मानीबाई टोपलीत फुलं वेचत होती, मान वर न करता.

"तो लंब्या बॅगवाला कोन व्हता?"

"फोटोवालाच हाये."

"मले वाटलंच. त्याची नजर चांगली नाही. झाडाकडं पाह्यत नाही, आरपार पाह्यते."

मी खाली बसलो. सांगून टाकलं. वर शिंगळा आहे, ढोलीत, पिल्लं असतील, म्हणून आग लावू दिली नाही. काळ्या जमिनीचं खोटं होतं.

ती हसली. दात कमी आहेत, पण पूर्ण हसली.

"मले काय सांगते? मी त्या अंगाले कधी आग लावतच नाही. माही सासू बी नव्हती लावत. आमी इकडल्या अंगाले लावतो, जरासी."

"मंग मले काहून झाडू देलं? महिनाभर!"

"तू झाडत व्हता त मी कायले अडवू?" फुलं वेचत राहिली. "अन् ते हाडकं कायले पुरत व्हता? मले वाटलं तुले काही नेम बोलला असन देवानं."

मी! देवाचा नेम! मग विचारलं, घुबड म्हणून भीती नाही वाटत?

"भेव कायचं? मी अंधारात येतो फुलं येचाले, एकटी. ते बोलते, मी आयकतो. एक ढोलीतून बोलते, एक तिकडून. उजाडलं का दोघं आपापल्या जागी जाऊन बसते. सोबत व्हते बाईमानसाले."

"दोघं?"

"त काय एकटंच राहीन? पिल्लं कशी होतीन मंग?"

हसत होती. मी नाही हसलो. जोडीतलं दुसरं असेल कुठंतरी शिवारात, हे मलाही कळतं. पण या झाडावर? फेब्रुवारीपासून पाहतोय मी. इंच-इंच पाहिलं. एकच आहे. अंधारात बाईला आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो.

१४ एप्रिल

जयंती. पहाटेपासून मिरवणुकीचे फोटो. निळ्या गुलालात लेन्स भरली. आणि मधातच सारखं तेच — काचेवर थांबलेलं तिचं बोट.

१५ एप्रिल

मूळ फोटो उघडला. घावाच्या जरा वर, उजवीकडे, तिचं बोट होतं तिथं मोठा केला. आणखी मोठा केला.

दोन फटी. माझ्यावरच.

फेब्रुवारीपासून तिथंच. माझ्या फोटोत, माझ्या काचेत, माझ्या पाटीच्या वर!

कौसल्यानं विचारलं, पाटी बदलता का? रंग नि ब्रश तिनंच काढून ठेवला होता. तिला काय दिसलं, कधी दिसलं, विचारायची हिंमत झाली नाही.

नाही बदलली. 'एक' तसाच राहू दिला. दुसरा मानीबाईचा.